आरशातल्या सातच्या बातम्या

खोटं वाटंल, पण मी आयुष्यातल्या सगळ्यात जास्त बातम्या आरशात बघितल्या. त्याही मुक्या.

त्याचं असं झालं, की औरंगाबादबाहेर चितेगावजवळ पैठण रोडवर टीव्हीची कंपनी होती आणि मी तिथं टेस्टिंगला होतो. आयटीआय करून लागलो होतो, त्यामुळं अंगात लई मस्ती. टेस्टिंगवाला टीव्हीच्या मागं बसतो. मागचं झाकण उघडं, आत पिक्चर ट्यूबची मान, तिच्याजवळ बारके बारके स्क्रू आणि आपल्या हातात प्लास्टिकचा पेचकस. आता स्क्रू मागं आणि चित्र पुढं, मग बघायचं कसं? म्हणून सेट ज्याच्यावरून सरकत यायचे त्या पट्ट्याच्या पलीकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा लावलेला होता. सेटचं तोंड आरशाकडं, पाठ आमच्याकडं. आरशात बघायचं आणि हात मागं चालवायचा. आवाज तपासायची खोली वेगळी, तेव्हा पट्ट्यावरचे सगळे सेट मुके असायचे. नाहीतर एवढे टीव्ही एकदम बोलायला लागले तर माणूस येडा व्हायचा.

दिवसभर पडद्यावर नुसते रंगीत पट्टे. कंपनीच्याच मशीनमधून येणारे, कंटाळवाणे. पण संध्याकाळचे सात वाजले, की आमचे सुपरवायझर उठायचे, भिंतीवरचा खटका दाबायचे आणि म्हैसमाळच्या टॉवरवरून येणारं चालू स्टेशन पट्ट्यावर सोडायचे. सुपरवायझर शहरातले, जुन्या वस्तीतले, वयानं मोठे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चाचांचं एक तत्त्व होतं.

"पट्टे देखके तो गधा बी कलर लगाता," चाचा म्हणायचे. "चेहरा देखो मियाँ, चेहरा! बाई के गालपे हल्दी चढी तो सेट फेल."

बाई म्हणजे सातच्या बातम्या देणारी बाई. कधी बाई, कधी बुवा. त्यांच्या गालावरनं आम्ही अख्ख्या महाराष्ट्राचे टीव्ही रंगवले, असं म्हटलं तरी चालंल. बाईनं मोरपंखी साडी नेसली की आमची चैन. गुलाबी नेसली की चाचांची चिडचिड, कारण गुलाबीत चूक लपते.

या बातम्या आमच्याकडं काही पहिल्यापासून नव्हत्या. मी शाळेत होतो तेव्हा शहरातल्या दुकानांच्या काचेत काळापांढरा टीव्ही लागायचा. आम्ही फुटपाथवर उभं राहून बघायचो, पण यायची ती दिल्ली. हिंदी बोलणारी, लांबची. मग एकदा मुंबईच्या मराठी बातम्या यायला लागल्या. काय कौतुक होतं त्याचं! टीव्ही मराठी बोलतो म्हणून माणसं दुकानासमोर सायकली आडव्या लावून उभी. त्या बातम्यांची वेळ एकदोनदा मागंपुढं झाली असंल, पण आम्ही सातच्या बातम्या म्हणायचो ते कायम.

त्या बातम्यांत मराठवाडा म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. मुंबईत पूल झाला तर पूल हलताना दिसायचा, गाड्या पळताना दिसायच्या. आमच्याकडं काही झालं तर नकाशा यायचा, त्यावर ठिपका, नाहीतर एखादा जुना फोटो. इथनं फिल्म मुंबईला पोचेपर्यंत बातमी शिळी व्हायची ना. एकदा गारपीट झाली तेव्हा पिशोरचा बाजार दिसला. खराखुरा, हलणारा. आमच्या पट्ट्यावर पिशोरकडची, कन्नड तालुक्यातली पोरं पुष्कळ. असा गलका केला, की चाचा धावत आले, त्यांना वाटलं कुणाला शॉक लागला.

आरशात सगळं उलटं. बाईचा पदर भलत्या खांद्यावर. नकाशात मुंबई उजव्या हाताला आणि चंद्रपूर डाव्या हाताला, जिथं समुद्र पाहिजे तिथं! पडद्यावरची अक्षरंही उलटी. पण सवयीनं ती मला अशी वाचता यायला लागली, की सरळ पेपर वाचताना मी अडखळायचो. वस्तीतल्या पोरांना मी त्यांची नावं उलटी लिहून द्यायचो आणि आरशात बघायला सांगायचो. लई भाव खायचो त्यावर. डोळ्यांना इतकी सवय झाली होती, की हे उलटं आहे हेच मी विसरून गेलो होतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता दादांबद्दल सांगतो. दादा म्हणजे माझे वडील. तेही त्याच कंपनीत होते, पण भिंतीच्या पलीकडं. माल भरण्याच्या धक्क्यावर, ठेकेदाराचे हमाल म्हणून. मी पास केलेला टीव्ही खोक्यात बंद व्हायचा आणि दादांच्या खांद्यावरून ट्रकमध्ये चढायचा. हजारो टीव्ही उचलले असतील त्या माणसानं. पण चालू टीव्ही? एकही बघितला नव्हता. शेजारी टीव्ही आला, समोर आला. मी म्हणायचो, दादा चला. ते म्हणायचे, "त्यात बघण्यासारखं आलं की बघू."

बघण्यासारखं म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तिसरीत असताना आम्ही गावाकडं राहायचो. कन्नड तालुक्यातच. एक दिवस संध्याकाळी दादा हाटेलाच्या बाहेर उभे होते. आत रेडिओ चालू होता. रेडिओवर सांगितलं, की औरंगाबादच्या विद्यापीठाला नवं नाव द्यायचा ठराव झाला. नाव कुणाचं? ज्यांनी देशाची घटना लिहिली, त्यांचं. दादांनी तेवढंच ऐकलं आणि पळत सुटले. दुकानातनं साखर घेतली आणि वस्तीत घरोघर वाटली. वस्तीतच कशाला, गावातही दोन-चार ओळखीच्या दारांत देऊन आले. मी त्यांच्या मागं मागं. एवढे हसताना मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं.

त्याच रात्री आमच्या वस्तीला आग लागली. लागली कसली, लावली! मायनं मला उचललं ते सरळ वावरात. सकाळी घराच्या जागी चार काळ्या भिंती होत्या, आणि त्यातली एक दादांनी नुसता हात लावला तर पडली. आम्ही अंगावरच्या कपड्यानिशी शहरात आलो, ते परत गेलो नाही.

ते नाव काही तेव्हा लागलंच नाही. ठराव झाला आणि तसाच राहिला. पुढं मोर्चे निघाले, माणसं तुरुंगात गेली, माणसं मेली. दादा एकाही मोर्चाला चुकले नाहीत. पण त्यांच्या मनात एक गाठ बसली ती बसलीच. ते म्हणायचे, "बातमीत काय दम नव्हता. नुसता ठराव व्हता. अन् म्या बावळटानं साखर वाटली. गावाला दाखवून वाटली." जणू काय आग काडीनं नाही, त्यांच्या साखरेनंच लागली! माय किती समजवायची, मी किती डाफरायचो. काही उपयोग नाही. घरात पेढा आला तरी दादा शेजारी देऊ द्यायचे नाहीत. मी आयटीआय पास झालो तेव्हाही आम्ही दार लावून गोड खाल्लं. मला इतका राग यायचा! आनंद झाल्यावर दार लावायचं, ही काय जगायची रीत झाली?

शहरात आल्यावर दादा रात्रीच्या शाळेत जाऊन अक्षरं शिकले. कशासाठी, तर ऐकीव बातमीनं एकदा फसवलं, आता डोळ्यांनी वाचल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. मी म्हणायचो, मग पेपर वाचा की. तर म्हणायचे, "पेपरवाले रोज नाव लावतेत अन् रोज काढतेत. सातच्या बातम्या सरकारच्या हायत ना? मग सरकारनं त्यात लिहून दाखवू दे. मंग बघू."

आणि संक्रांतीच्या दिवशी ती बातमी आली!

सकाळी डोळे उघडले तेच हलगीच्या आवाजानं. सगळी वस्ती रस्त्यावर. नाव झालं, नाव झालं! चौकात पोलिसांच्या गाड्या, पोरांच्या हातात निळे झेंडे, बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडायल्या. मायला तर काय करू आणि काय नको झालं होतं. ती दादांना म्हणाली, "अहो, सगळी वस्ती नाचायलीय. तुम्ही सदऱ्याला बटन काय लावीत बसलाव?"

दादा म्हणाले, "सातच्या बातम्या होऊ दे."

मला हसावं का डोकं आपटून घ्यावं कळंना. दुपारी दोघं कंपनीच्या बसमध्ये बसलो. आमची दोघांची दुसरी पाळी. बस नाक्यानाक्यावर थांबत होती, पोलीस आत डोकावत होते. मी दादांच्या कानात म्हटलं, "आज सातला टेस्टिंगमध्ये या. तुमच्या डोळ्यांनी वाचा."

"मला कोण येऊ देतंय तिथं?"

"ते मी बघतो," मी ऐटीत म्हटलं. ऐट बसमधून उतरेपर्यंत टिकली.

ठेकेदाराचा माणूस टेस्टिंगमध्ये यायचा नाही, हा कडक नियम. मी चाचांना विचारलं. चाचांनी कानाला हात लावला. "नक्को रे बाबा! मेरी नौकरी जाती."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग आज मी एक पण सेट पास करत नाही. सगळ्यांना हळद चढवतो."

"धमकी देता क्या रे?" चाचा डोळे वटारून बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कायकू आना है उनकू? सच बोल."

मी सांगितलं. रेडिओ, साखर, आग, सगळं. एका दमात. चाचा ऐकत ऐकत पट्ट्यावरची धूळ बोटानं पुसत होते. शेवटी म्हणाले, "खाली ट्रॉली लेके लोडर अंदर आ सकता. नियम है. सात बजे मेरेकू एक खाली ट्रॉली होना. जा, बोल उनकू."

चाचांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं मी.

सात वाजले. चाचांनी खटका दाबला. आणि पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या सेटवर नुसत्या मुंग्या!

"अरे ये क्या हुआ?" चाचा ओरडले.

माझ्या शेजारी देवगाव रंगारीकडचा एक धनगराचा पोरगा बसायचा. ताडमाड उंच, बापजाद्यांची मेंढरं अजून घरी होती. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढून छतावरच्या दिव्याच्या उजेडात वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "पतंग! अँटेनात पतंग अडकलाय. गावातल्या पोरांनी मांजा ओढून ओढून अँटेनाच फिरवली."

संक्रांत नव्हे का! वर्षभर एक पतंग नाही आणि आजच! मी रडकुंडीला आलो. तो म्हणाला, "गप रे, मी हाय ना," आणि पायऱ्या सोडून पाइप धरूनच वर गेला. मग सुरू झाला तो सगळ्या महाराष्ट्राला पाठ असलेला तमाशा. तो छतावरून, "आलं का?" आम्ही खालून, "नाय!" "आता?" "जरासं! अजून फिरव!" "आता?" "गेलं! गेलं! माघारी घे!" चाचा मध्येच "बस, बस, बस!" करून दोन्ही हात वर करून उभे.

आणि चित्र लागलं. लख्ख. बाई बोलत होती. ठळक बातम्या होऊन गेल्या होत्या, तरी बातमी चालू होती. तेवढ्यात माझ्यामागं ट्रॉलीची चाकं वाजली. दादा आले होते. कपडे झटकून, टोपी नीट करून आले होते.

"दादा, इथं या! आरशात बघा!" मी त्यांचा दंड धरून माझ्या शेजारी उभं केलं. आरशात माणसंच माणसं दिसत होती, गुलाल, निळे झेंडे. आमच्या शहराचे रस्ते! ठिपका नाही, फोटो नाही, हलणारे, नाचणारे रस्ते! मी स्टुलावरून उडालोच. मग पडदा बदलला आणि मोठ्या अक्षरांत विद्यापीठाचं नवं नाव लिहून आलं. पूर्ण. मी एका नजरेत वाचलं. माझ्या अंगावर काटा आला.

"वाचा दादा, वाचा! आलं!"

दादांचे ओठ हलले. एकदा हलले, थांबले, परत हलले. मग त्यांचा चेहरा बघता बघता उतरला. तो उतरलेला चेहरा मला अजून दिसतो.

"हे ते नाव न्हाय," दादा म्हणाले.

"अहो तेच आहे!"

"मला अक्षर येतं." त्यांनी आरशाकडं बोट दाखवलं. "हे ते न्हाय. हे कायतरी भलतंच लिव्हलंय. पुन्हा फसवलं बघ." आणि त्यांनी ट्रॉलीचा दांडा धरला, तोंड फिरवलं आणि चालायला लागले.

मी येड्यासारखा एकदा आरशाकडं, एकदा त्यांच्या पाठीकडं बघत राहिलो. नाव डोळ्यांसमोर स्वच्छ आहे आणि हा माणूस नाही म्हणतो! आणि मग माझी ट्यूब पेटली. अरे गाढवा, आरसा! सगळं उलटं आहे! तुला सवय आहे, त्यांना कुठली?

"दादा, थांबा! उलटं आहे ते! आरशात अक्षर उलटं पडतंय!" मी ओरडलो. पण तोवर पडद्यावरनं नाव गेलेलं. बाईनं दुसऱ्या बातमीचा कागद वर घेतला. दादा थांबायला तयार नव्हते. ते दाराशी पोचले, तर समोर देवगाववाला फाटका पतंग हातात घेऊन, घामाघूम. त्यानं दोन्ही हात पसरून दारच अडवलं. "मी तुमच्यासाठी माकडावानी छतावर चढलो आन् तुम्ही निघालाव? असं कसं जमंल दादा?"

तेवढ्यात चाचांनी जे केलं, ते त्या कंपनीत कुणी केलं नव्हतं. त्यांनी लाल बटण दाबून पट्टा थांबवला. पट्टा थांबला की वरच्या हापिसात घंटा वाजते, मॅनेजर खाली येतो. चाचांना हे काय माहीत नव्हतं? "आखिर में फिरसे बोलती बाई," ते ओरडले. "हेडलाइन फिरसे बोलती! सेट फिरवो! सब फिरवो! मुँह इधर!"

बरोबर! बातम्या संपताना ठळक बातम्या पुन्हा एकदा! सगळे उठले. वायरी सांभाळत, एकमेकांवर खेकसत, पट्ट्यावरचा एकेक सेट आम्ही तोंड आमच्याकडं करून फिरवला. इतकी वर्षं पाठी बघितल्या होत्या, पहिल्यांदाच त्या सगळ्या टीव्हींचे चेहरे आमच्याकडं झाले. कुणीतरी एका सेटचा आवाज मोठा केला. आरशातल्या त्या बाईचा आवाजही मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि तो मला वाटला होता तसा नव्हताच, चांगला जाड होता. दादा दारात उभे होते, ट्रॉलीचा दांडा न सोडता. देवगाववाल्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

हवामान झालं. आज तापमान कुणाला पाहिजे होतं! मग बाई म्हणाली, "आता पुन्हा एकदा ठळक बातम्या." आणि पहिलीच तीच.

अक्षरं आली. सरळ. सगळ्या सेटांवर एकदम.

दादांनी दांडा सोडला. पुढं आले, एका सेटच्या काचेवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं एकेक अक्षर वाचायला लागले. रात्रीच्या शाळेत शिकवतात तसं, काना-मात्रा जोडत. बाई कधीच पुढं गेली होती, नावही पडद्यावरून गेलं, तरी दादा वाचत होते, कारण आता त्यांना दिसायची गरज नव्हती. शेवटचं अक्षर झालं आणि सगळ्या पट्ट्यानं अशी आरोळी ठोकली, की वरून उतरून आलेला मॅनेजर जिन्यातच थांबला. चाचा त्याला म्हणाले, "कलर चेक चालू है साब." तो जिन्यातूनच मागं फिरून वर गेला.

"आता साखर वाटा, दादा!" मी नाचत होतो. "आता तरी वाटा!"

दादांचे डोळे भरले होते, पण त्यांनी मान हलवली. "आज न्हाय. उद्या."

"आता आणखी काय राहिलं?" मी चिडून विचारलं.

ते हळूच, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाले, "मागच्या टायमाला बी सांजच्यालाच वाटली व्हती." आणि ट्रॉली ढकलत भिंतीपलीकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर दादा बाहेर होते. आमचं घर म्हणजे तीन बाजूंनी विटा आणि एका बाजूनं पत्रा. दादांनी भिंतीवर तळहात ठेवला होता आणि तो न उचलता घराभोवती चालले होते. कोपरा आला की थोडं थांबायचे, दाबून बघायचे, पुढं निघायचे. पूर्ण फेरी मारून दारात आले. माय चुलीपुढून उठून त्यांच्याकडं बघत होती.

"हाय," दादा म्हणाले. "घर हाय."

मग ते आत गेले आणि पिठाच्या डब्यामागून साखरेचा भलामोठा पुडा काढला. कधी आणून ठेवला होता कोण जाणे, आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता. पहिली चिमूट मायच्या तोंडात, दुसरी माझ्या. दार सताड उघडं टाकून दादा बाहेर पडले, आणि गल्लीच्या पहिल्या घरापासून हाका मारत सुटले.

दुपारी बसला निघताना त्यांनी माझ्या हातात एक वेगळी पुडी दिली.

"चाचाला दे. अन् त्या पतंगवाल्याला," ते म्हणाले. "सांग, कालच देणार व्हतो. पण घराला इचारायचं राह्यलं व्हतं."